दोन्ही हेडलाइट एकदम गेले

“आधी दिवे मंद होतात. हळूहळू. मग पूर्ण जातात,” चिवटे सर म्हणाले.

“दोन्ही संगंच?”

“दोन्ही. पाच-सात मिनिटं थांबलं की परत येतात. आपोआप. कोणी काही हात लावत नाही.”

मी मान हलवली आणि गाडीकडे पाहिलं. पांढुर्ण्यात नागपूर रोडवर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. तीस वर्षं झाली. ट्रक, ट्रॅक्टर, जीप, संत्र्याच्या पेट्या वाहणारे मेटाडोर, सगळ्यांची वायरिंग या हातांखालून गेली आहे. पण जिच्यात स्वयंपाकाचा ओटा आणि पलंग आहे अशी गाडी माझ्या दारात पहिल्यांदाच उभी होती.

मुळात ती जुनी मिनीबस. पंचवीस वर्षांची तरी असेल. कोणीतरी तिच्या सीटा काढून आत घर बसवलं होतं. ड्रायव्हरच्या मागे सोफा, सोफ्याखाली पाण्याची टाकी, पुढे गॅसची शेगडी, मागच्या बाजूला पलंग, खिडक्यांना निळे पडदे. चिवटे पती-पत्नींनी ती तयारच विकत घेतली होती. दोघं कऱ्हाडकडचे. सर ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. मॅडमही शाळेत होत्या, खेळाच्या शिक्षिका. वरूडकडून येताना आदल्या संध्याकाळी दिवे गेले म्हणून दोघं लॉजवर थांबले आणि सकाळी माझ्याकडे आले.

गाडी दुकानासमोर लागली तेव्हा ड्रायव्हरच्या दारातून मॅडम उतरल्या. सर डाव्या बाजूने उतरले, जरा चाचपडत. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तरी सगळे प्रश्न मी सरांनाच विचारले. सवय. गाडीच्या दुकानात बाई आणि माणूस दोघं आले की आपण माणसाशी बोलतो. तसा मीही बोललो.

“केव्हापासून होऊन राहिलं जी हे?”

“दोन महिन्यांत तिसरी वेळ,” सर म्हणाले. “माझ्या मते अल्टरनेटर पुरेसं व्होल्टेज देत नाही. म्हणून आधी मंद, मग बंद.”

अल्टरनेटर म्हणजे इंजिनवर फिरणारा आणि बॅटरी चार्ज करणारा डायनामो. मी मीटर लावलं. चार्जिंग बरोबर होतं. बॅटरीही ठीक होती. मग मी हेडलाइट उघडले, आणि मला वाटलं, सापडलं.

आत शंभर वॉटचे बल्ब होते. या गाडीला त्याच्या निम्म्याचे लागतात. आधीच्या मालकाने जास्त उजेडासाठी घातले असणार. जास्त वॉट म्हणजे जास्त करंट, आणि हा सगळा करंट जुन्या पद्धतीप्रमाणे डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जात होता. स्विच काढून पाठीमागून पाहिला तर प्लास्टिक तपकिरी पडलं होतं. भाजल्यासारखं.

या गाडीत हेडलाइटच्या लाइनवर फ्यूज नव्हता, ब्रेकर होता. फ्यूज एकदा उडाला की उडाला, बदलावाच लागतो. हा ब्रेकर गरम झाला की लाइन तोडतो आणि थंड झाला की आपणच जोडतो. म्हणून दिवे जातात आणि पाच मिनिटांनी परत येतात. वायर तापली की दिवे मंद, ब्रेकर तापला की बंद. सर जे सांगत होते ते सगळं जुळलं.

“सर, अल्टरनेटर चांगला आहे. बल्ब भारी टाकले आहेत, त्यानं लाइन तापून राहिली.”

सरांनी स्विच हातात घेतला, अगदी डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि खूश झाले. “करंटच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता. अकरावीला शिकवायचो मी हे.”

मॅडम गाडीच्या पायरीवर बसून पालक निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “अहो, यांना पाण्याचं सांगू का?”

“पाण्याचा काय संबंध, सुमन?” सर म्हणाले. “आपण विजेचं बोलतोय.”

मला वाटलं, हेडलाइटमध्ये पाणी शिरतं असं त्या म्हणत असतील. मी म्हटलं, “पाह्यलं मॅडम. काच कोरडी आहे, पाणी काही गेलं नाही आत.”

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि परत पालक निवडू लागल्या.

मी नीट काम केलं, हे सांगायला हवं. बल्ब बदलून बरोबर वॉटचे टाकले. नवीन स्विच टाकला. दोन रिले बसवले. रिले म्हणजे एक छोटी डबी. स्विचमधून तिला थोडासा करंट गेला की ती आतून मोठी लाइन जोडते. म्हणजे भारी करंट बॅटरीतून थेट दिव्याकडे जातो, स्विचवर काही ताण राहत नाही. बॅटरीपासून दिव्यांपर्यंत नवी वायर ओढली. इंजिन चालू ठेवून दीड तास दिवे पेटते ठेवले. स्विचला हात लावला, गार. वायरला हात लावला, गार.

एक तुकडा मात्र मी उघडला नाही. गाडीचं घर करताना कोणीतरी फ्यूजचा डबा डॅशबोर्डखालून काढून ड्रायव्हरच्या पाठीमागे सोफ्याजवळ नेला होता. त्यामुळे ब्रेकरपासून स्विचपर्यंत येणारी वायर टाकीखालून येत होती. दोन हात लांबीची असेल. ती पाहायची तर सोफा काढावा लागला असता, टाकी उचलावी लागली असती. आता त्या वायरमध्ये करंटच नावापुरता राहिला होता. मी म्हटलं, जाऊ द्या.

दुपारी साडेतीनला काम झालं. ते सौसरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी छिंदवाड्याला जाणार होते. तिथे सरांचे जुने मित्र होते. मी म्हटलं, “पाणी भरून घ्या, आमच्या बोअरचं चांगलं आहे.” मीच पाइप लावला. दोनशे लिटरची टाकी काठोकाठ भरून दिली आणि हात हलवून निरोप दिला.

पावणेनऊला मी शटर ओढत होतो तेव्हा फोन आला.

“बबनराव, दिवे परत गेले,” सरांचा आवाज होता. मग कोणीतरी फोन घेतला. मॅडम बोलत होत्या. आवाज चढलेला नव्हता.

“सरांना लागलंय. फार नाही. कपाळाला तीन टाके पडलेत. गाडी नालीत गेली होती, आता पंपावर उभी आहे, सौसरच्या अलीकडे. तुम्ही उद्या या.”

“मॅडम, मी आत्ताच निघतो ना.”

“नको. अंधारात काय पाहणार आहात? सकाळी या.” आणि फोन ठेवला.

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. रात्री जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, “मशीनच आहे ते, बिघडतंच.” तीस वर्षांत माझी कामं परत आली नाहीत असं नाही. पण माझ्या दुकानातून निघालेल्या गाडीत कोणाचं डोकं फुटलं, असं कधी झालं नव्हतं.

सकाळच्या पहिल्या बसने सौसरला निघालो. पिशवीत मीटर, टेस्ट लॅम्प, वायर, पाने. बसमध्ये सगळा वेळ मी एकच हिशेब करत होतो. ब्रेकर गरम होऊन लाइन तोडतो. पण आता त्या लाइनवर फक्त दोन रिले आहेत. म्हणजे पाव-अर्धा अँपिअर. एवढ्याने ब्रेकर कोमटसुद्धा होत नाही. तरी तो पडला. मग जास्त करंट कुठूनतरी पळतो आहे. वायर कुठेतरी गाडीच्या लोखंडाला लागते आहे. पण कायमची लागत नाही, मधेच लागते आणि सुटते. आमच्या धंद्यात हा सगळ्यात वाईट बिघाड. मेलेली वायर तासाभरात सापडते. मधूनमधून मरणारी महिनाभर सापडत नाही.

आणि मला तो तुकडा आठवला. टाकीखालचा.

पंपाच्या मागे मोकळी जागा होती. तिथे गाडी उभी होती. पुढचा बंपर डावीकडे वाकलेला, एका दिव्याभोवतीची पट्टी गळालेली. सर आत पलंगावर झोपले होते, कपाळाला पट्टी. मॅडम बाहेर खुर्ची टाकून चहा पीत होत्या. मला पाहून त्यांनी दुसरा कप भरला.

“मॅडम, माही चूक झाली,” मी म्हटलं.

“बसा आधी.”

बसलो. मग म्हटलं, “काल काय झालं ते मले तुमी सांगा.”

“मी?”

“गाडी तुमीच चालवता ना जी.”

त्यांनी माझा कप पुढे सरकवला. मग म्हणाल्या, “दोन महिन्यांत तीन मेकॅनिक झाले. हे तुम्ही पहिले विचारताय.”

त्यांनी सांगितलं ते असं. दोघं जामसावळीच्या देवळात दर्शनाला थांबले. तिथे वेळ गेला, दिवस बुडाला. तिथून निघून दिवे लावले. चांगला लख्ख उजेड होता. सौसर सात-आठ किलोमीटर राहिलं असेल. पुढे डावं वळण होतं. वळणावर गाडी घेतली आणि दोन्ही दिवे गेले. पुढे कापसाने भरलेली ट्रॉली चालली होती, तिला मागे लाल दिवा नव्हता. दिवे जायच्या आधी ती एकदाच दिसली होती. मॅडमनी ब्रेक मारला आणि गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उतरवली. पुढचं चाक नालीत गेलं. सरांचं डोकं डॅशबोर्डवर आपटलं. ट्रॉलीवाला थांबला. लोधीखेड्याकडचा शेतकरी होता. त्याने ट्रॉली सोडून ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. तोवर दिवे परत आले होते, पण मॅडमना त्यांचा भरवसा वाटेना. तो म्हणाला, “बाई, तुमी माह्या मांगं मांगं या.” त्याच्या पुढच्या दिव्याच्या उजेडामागे त्या पहिल्या गिअरमध्ये पंपापर्यंत आल्या.

“जायच्या आधी दिवे मंद झाले होते का?”

“मंद-बिंद काही होत नाहीत. फाटकन जातात. कोणी वायर उपटल्यासारखे.”

“पण सर तर म्हणत होते...”

आतून सरांचा आवाज आला. ते जागे होते. “मला मंद होताना दिसतात.”

मॅडम हळू म्हणाल्या, “तुम्हाला संध्याकाळी सगळंच मंद दिसतं हो.”

मग मॅडमनीच मला सांगितलं. सरांना काचबिंदू आहे. एक डोळा जवळजवळ गेला, दुसऱ्याची नजर कडेने मिटत चालली आहे. लायसन्स दोन वर्षांपूर्वी सोडलं. गाडी मॅडम चालवतात. त्यांच्या माहेरी ट्रक होते, लग्नाआधीपासून स्टेअरिंग हातात. जेवढं दिसतं आहे तेवढ्यात सरांना हिंडायचं होतं, म्हणून ही गाडी घेतली.

“डोंगर बघायचेत त्यांना. मी म्हटलं, बघू. पण आता नाही,” त्या म्हणाल्या. “छिंदवाड्याला जाऊ कसेतरी, दिवसाचे. गाडी तिथेच कोणाला तरी देऊन टाकायची आणि रेल्वेने घरी. काल ट्रॉलीच्या जागी दोन पोरं सायकलवर असती तर?”

सर आतून म्हणाले, “सुमन, आपण पचमढीसुद्धा बघितलं नाही अजून.”

“नाही बघितलं तर नाही बघितलं.”

मी कप खाली ठेवला. “मॅडम, काल तुमी पाण्याचं काय म्हणत होत्या?”

त्यांनी मान वर केली. “तीन वेळा दिवे गेले आणि तिन्ही वेळा टाकी भरलेली होती. कालची चौथी. पाणी अर्ध्याखाली असलं की महिनाभर काही होत नाही. टाकी भरली की गाडी वळणावर जड ओढते, ते हाताला कळतं. आणि तशा वळणावरच दिवे जातात. डाव्या.”

“नेहमी डाव्याच?”

त्यांनी डोळे मिटून आठवलं. “दोनदा तर नक्की. बाकीचं सांगता यायचं नाही.”

मी उठून गाडीत गेलो. टाकी ड्रायव्हरच्या मागे, म्हणजे गाडीच्या उजव्या अंगाला. गाडी डावीकडे वळली की पाणी उजवीकडे फेकलं जातं. दोनशे लिटर म्हणजे दोन क्विंटल वजन. ते सगळं टाकीच्या उजव्या कडेवर येतं. आणि माझी न पाहिलेली वायर त्याच कडेखालून जात होती. माझ्या दुकानात गाडी उभी होती, वळण नव्हतं. दीड तास नाही, दीड महिना दिवे पेटते ठेवले असते तरी काही झालं नसतं.

पण अंदाजाने एकदा फसलो होतो. या वेळी आधी बिघाड डोळ्यांनी पाहायचा होता.

फ्यूजच्या डब्यातून ब्रेकर काढला. त्याच्या जागी इंडिकेटरचा एक बल्ब वायरला जोडून लावला. ही जुनी युक्ती आहे. लाइन चांगली असेल तर रिलेपुरता थोडासा करंट या बल्बमधून जातो, बल्ब पेटत नाही, हेडलाइट चालू राहतात. वायर कुठे लोखंडाला लागली की सगळा करंट या बल्बमधून पळतो. बल्ब लख्ख पेटतो आणि हेडलाइट जातात.

“मॅडम, दिवे लावा आणि या जागेत गोल गोल चालवा. डावीकडून. हळू.”

“आत्ता?”

“टाकी भरलेलीच आहे ना?”

“भरलेलीच आहे.”

सरांना आम्ही बाहेर खुर्चीवर बसवलं. मी सोफ्याशेजारी खाली उकिडवा बसलो, एक हात खिडकीच्या दांड्याला. मॅडमनी गाडी काढली. एक फेरी झाली. बल्ब विझलेला. दुसरी फेरी. काही नाही. पंपावरचा माणूस बाहेर येऊन पाहू लागला.

“आणखी आवळून घेऊ?” मॅडमनी विचारलं.

“घ्या.”

त्यांनी स्टेअरिंग पूर्ण फिरवलं आणि ॲक्सिलरेटर दाबला. टाकीतलं पाणी धप्पकन उजवीकडे आदळलं. सोफ्याची फळी करकरली. आणि माझ्या नाकासमोर बल्ब पेटला.

“दिवे गेले!” बाहेरून सर ओरडले. तेवढं त्यांना दिसलं.

मॅडमनी गाडी सरळ केली, बल्ब विझला. परत वळवली, परत पेटला. चार वेळा केलं. चारही वेळा पेटला. मग उजवीकडून फिरवून पाहिलं, एकदाही नाही. मग नळ सोडून टाकी रिकामी केली, पाणी पंपाच्या मागच्या कडुलिंबाला गेलं. परत डावीकडून फेऱ्या. बल्ब विझलेला तो विझलेलाच.

गाडी थांबवून मॅडम मागे वळल्या. “मिळालं?”

“मिळालं जी. तुमीच सांगितलं होतं काल. मीच ऐकलं नाही.”

त्या हसल्या नाहीत, पण स्टेअरिंगवरचे हात त्यांनी खाली घेतले.

पुढचं काम दोन तासांचं होतं. सोफ्याच्या गाद्या काढल्या, फळी काढली, टाकीचे पट्टे सोडले. पंपावरच्या माणसाने एक बाजू धरली, मी दुसरी. टाकी उचलली आणि खाली पाहिलं. टाकी ज्या पेटीत बसवली होती ती पेटी जमिनीला जिथे पक्की केली होती तिथे चार लोखंडी स्क्रू होते. त्यातला उजव्या कडेचा स्क्रू लांब होता, त्याचं टोक बोटभर वर आलेलं. वायर त्याच्या अंगावरून गेली होती. टाकी भरली की तिचा तळ लवायचा, वायर स्क्रूच्या टोकावर दाबली जायची. दाबून दाबून वरचं प्लास्टिक तुटलं होतं. आत तांबं चमकत होतं. चण्याएवढी जागा.

मी सरांचा हात धरून तिथे नेला आणि त्यांचं बोट त्या जागेवर ठेवलं.

त्यांनी स्क्रूचं टोक चाचपलं. वायर चाचपली. मग म्हणाले, “मी म्हटलं होतं, पाण्याचा काय संबंध.”

“मीही तेच समजलो होतो सर.”

“नाही. तुम्ही मला विचारलंत म्हणून समजलात. मी तिला गप्प केलं. ही माझी चूक.” मग मॅडम जिकडे उभ्या होत्या तिकडे तोंड करून म्हणाले, “सुमन, ऐकलंस का?”

“ऐकलं,” मॅडम म्हणाल्या.

ती वायर मी तिथून काढूनच टाकली. नवी वायर जाड रबरी नळीत घालून छताच्या कडेने नेली, जिथे वजन पडायचा प्रश्न नाही. स्क्रू कापून कानशीने घासला. टाकीखाली एक फळी दिली. शेवटी, ब्रेकर परत लावलाच नाही. त्याच्या जागी दोन रिलेंना दोन वेगळे फ्यूज दिले आणि डावा दिवा एकाच्या, उजवा दुसऱ्याच्या ताब्यात दिला. पुढेही दोघांना वेगवेगळी लाइन ओढली. आता पुन्हा कधी काही झालं तर एक दिवा जाईल. दुसरा राहील. फ्यूज उडून दोन्ही एकदम जाणं या गाडीत शक्य नव्हतं. खरं तर हे मी पांढुर्ण्यातच करायला हवं होतं.

दुपार टळली होती. टाकी परत काठोकाठ भरली. पंपामागे डावीकडून वीस फेऱ्या मारल्या. दिवे जसेच्या तसे.

“झालं जी,” मी म्हटलं.

मॅडम गाडीला टेकून उभ्या होत्या. “बबनराव, काल पण झालं होतं.”

पाने पिशवीत भरता भरता मी थांबलो.

“इथून छिंदवाड्याला घाट लागतो,” त्या म्हणाल्या. “सिल्लेवानीचा. वळणंच वळणं. तुम्ही बसाल या गाडीत? संध्याकाळी?”

“बसतो.”

“भरल्या टाकीने?”

“भरल्या टाकीनंच.”

मी बायकोला फोन करून सांगितलं की आज येत नाही, छिंदवाड्याला बहिणीकडे उतरतो. सूर्य मावळायच्या सुमाराला आम्ही निघालो. सर मागे सोफ्यावर, टाकीच्या वर. मी पुढे डाव्या सीटवर, जिथे काल सर बसले होते. समोर डॅशबोर्डवर प्लास्टिकला चीर गेलेली होती. ती त्यांच्या कपाळाची होती. मी तिच्याकडे पाहणं टाळलं.

रामाकोना मागे पडलं तेव्हा अंधार धरला. मॅडमनी दिवे लावले. घाट सुरू झाला. दोन्ही बाजूंना सागवान, रस्ता वर चढत जाणारा. मॅडमचे दोन्ही हात स्टेअरिंगवर, मान किंचित पुढे. गाडी फार चांगली चालवत होत्या. वळणाच्या आधी गिअर खाली, वळणात ब्रेक नाही. ट्रकवाल्याच्या घरची ड्रायव्हिंग होती ती.

पहिलं डावं वळण आलं. मागे पाणी आदळल्याचा आवाज आला. दिवे राहिले. दुसरं आलं. राहिले. तिसऱ्या वळणावर समोरून ट्रक आला, त्याचा उजेड डोळ्यांवर पडला, आणि तो गेल्यावर क्षणभर मला काहीच दिसेना. मला वाटलं गेले. मी “मॅडम!” असं ओरडणारच होतो. मग रस्त्याची पांढरी पट्टी परत दिसली. दिवे होते. माझेच डोळे दिपले होते.

मॅडमनी माझ्याकडे न पाहता विचारलं, “घाबरलात?”

“हो जी.”

“मीही. रोज.”

त्यानंतर मी वळणं मोजायचं सोडलं. मागून सरांनी विचारलं, “आता काय दिसतंय?” मॅडम सांगू लागल्या. उजवीकडे दरी आहे. सागाची पानं गळालीत. खाली लांब एका गावाचे दिवे दिसतात, आठ-दहा असतील. एक ट्रक चढतोय, भुशाने भरलेला. घाट संपेपर्यंत त्या असं सांगत होत्या आणि सर “हं, हं” करत होते.

वर सपाटीला एका ढाब्यावर थांबलो. मॅडमनी गाडी बंद केली, खाली उतरल्या, पुढे जाऊन दोन्ही दिव्यांच्या काचांवर हात ठेवून पाहिला. मग सरांना म्हणाल्या, “पचमढीला किती दिवस राहायचंय?”

छिंदवाड्याला त्यांनी मला बहिणीच्या घराच्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं.

ते पचमढीला गेले. तिथून पुढे अमरकंटकपर्यंत गेले. उन्हाळ्यात कऱ्हाडला पोहोचल्यावर मॅडमचा फोन आला. वाटेत एकदा उजव्या दिव्याचा फ्यूज उडाला होता, अवकाळी पावसाचं पाणी गेलं होतं म्हणे. डावा चालू होता, त्यावर त्या आरामात गावापर्यंत आल्या आणि फ्यूज स्वतःच बदलला. सरांचं विचारलं तर म्हणाल्या, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. गाडी विकली नाही.

माझ्या दुकानात यानंतर फार काही बदललं नाही. गाडी आली की आधी विचारतो, चालवतं कोण, आणि त्याच माणसाला बाजूला घेऊन ऐकतो. गाडी कशाने भरलेली होती, रस्ता कसा होता, वळण कोणतं होतं, हेही विचारतो. आणि तपासणीत बिघाड दिसला नाही, तर गाडी ठीक आहे असं मी आता म्हणत नाही. मला सापडला नाही, असं म्हणतो. गिऱ्हाइकांना ते आवडत नाही. काही जण दुसऱ्या दुकानात जातात.

जाऊ देतो.